मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना : काय करता येते, काय करावे लागते



शाळेच्या संगणक कक्षासाठी सॉफ्टवेअर घ्यायचे म्हटले की पहिला प्रश्न किमतीचा येतो. त्यातच विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. पुष्कळ जुन्या संगणकांवर नवी आवृत्ती चालत नाही आणि सगळे संगणक एकदम बदलणे शाळांना परवडत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवते, "लिनक्स घाला, फुकट आहे." सूचना चांगली आहे. पण तिच्यामागोमाग काही प्रश्न हमखास येतात. फुकट आहे तर परवाना कशासाठी? त्यात तयार केलेली प्रश्नपत्रिका सर्वांना खुली करावी लागते का? मुलांनी ते सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घरी नेले तर गुन्हा होतो का? आणि मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला तर त्याचा मालक कोण?

या सर्व प्रश्नांची उत्तरे परवान्यात असतात. ती समजून घेण्यासाठी वकील असण्याची गरज नाही. मुख्य मुद्दा एवढाच, की मुक्त सॉफ्टवेअर आपल्याला मिळते ते लेखकाने दिलेल्या परवानगीमुळे, आणि त्या परवानगीला काही अटी असतात. त्या पाळणे सोपे आहे, पण त्या माहीत असल्या पाहिजेत.

वाचनालयाचे उदाहरण

बडोद्याच्या वाचकांना एक जवळचे उदाहरण देता येईल. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतील ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात मोफत सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरू लागल्या. वाचकाला पैसे पडत नसत. पण पुस्तक वेळेत परत करायचे, त्याची पाने फाडायची नाहीत, असे नियम होतेच. शिवाय पुस्तक वाचायला मिळाले म्हणून ते छापून विकण्याचा हक्क वाचकाला मिळत नाही.

मुक्त सॉफ्टवेअर याच्या बरेच पुढे जाते. ते परत करायचे नसते. त्याच्या प्रती काढता येतात, त्यात बदल करता येतात, बदललेली प्रत दुसऱ्याला देताही येते. वाचनालयाच्या पुस्तकाला नसलेल्या या मोकळिकी परवाना देतो. नियम मात्र इथेही आहेत, फक्त ते वेगळे आहेत.

परवाना का लागतो?

भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या अधिनियमानुसार, संगणकाचा प्रोग्रॅम हे 'साहित्यकृती' या सदरात मोडते. कथा, कविता किंवा पाठ्यपुस्तक यांना जे संरक्षण आहे, तेच प्रोग्रॅमलाही आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हा हक्क टिकतो. त्यासाठी कोठेही नोंदणी करावी लागत नाही. प्रोग्रॅम लिहिला की हक्क आपोआप निर्माण होतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. इंटरनेटवर एखादा प्रोग्रॅम सहज दिसतो, उतरवून घेता येतो. पण त्याच्यासोबत परवाना नसेल, तर तो 'सर्वांचा' नसतो. लेखकाने काहीच लिहिले नाही, याचा अर्थ सर्व हक्क त्याच्याकडेच आहेत असा होतो. म्हणून परवाना हे बंधनाचे कागदपत्र आहे असे समजू नये. परवान्याशिवाय जे करता आले नसते, ते करण्याची मुभा तो देतो.

आपल्या कायद्याचे कलम ६३ ख हेही विश्वस्तांनी लक्षात ठेवावे. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा या कलमात आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसल्यास न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. दुकानदाराने संगणकासोबत 'सगळे घालून' दिलेले सॉफ्टवेअर कोणत्या परवान्याचे आहे, हे विचारणे म्हणूनच शाळेच्या हिताचे आहे.

मूळ आज्ञावली म्हणजे काय?

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस जे लिहितो, ती मूळ आज्ञावली. तिलाच सोर्स कोड म्हणतात. ती माणसाला वाचता येते. यंत्राला चालवण्यासाठी तिचे रूपांतर अंकांच्या लांबलचक रांगेत केले जाते; ती रांग वाचून मूळ विचार समजणे अतिशय कठीण. आईने केलेली पुरणपोळी खाता येते, पण खाल्ल्याने कृती कळतेच असे नाही. कृती लिहून मिळाली तर मात्र आपण ती करू शकतो, गुळाचे प्रमाण बदलू शकतो, शेजारणीला सांगू शकतो. मूळ आज्ञावली ही सॉफ्टवेअरची लिहिलेली कृती आहे. ती मिळाली नाही, तर बदल करण्याची परवानगी कागदावरच राहते.

थोडा इतिहास

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. सर्वांना वापरता, अभ्यासता आणि बदलता येईल अशी संपूर्ण संगणक प्रणाली तयार करणे हा त्यांचा हेतू होता. १९८५ साली त्यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. त्यांच्या विचारातील चार स्वातंत्र्ये अशी :

शून्यावे : कोणत्याही कामासाठी प्रोग्रॅम चालवणे.
पहिले : तो कसा चालतो याचा अभ्यास करणे व आपल्या गरजेनुसार बदलणे.
दुसरे : त्याच्या प्रती इतरांना देणे.
तिसरे : आपण सुधारलेल्या प्रती इतरांना देणे.

मोजणी शून्यापासून आहे, कारण प्रोग्रॅम लिहिणारे लोक बहुधा शून्यापासूनच मोजतात! इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाला 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन्ही अर्थ असल्यामुळे तिकडे फार गोंधळ होतो. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. ते वेगळेच वापरावेत.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. सुरुवातीच्या परवान्यात त्याने प्रतींसाठी पैसे घेण्यास मनाई केली होती. १९९२ साली त्याने तो परवाना सोडून ग्नू प्रकल्पाचा जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, स्वीकारला. मग कंपन्यांनाही त्यावर व्यवसाय उभा करता आला आणि लिनक्स जगभर पसरले.

'ओपन सोर्स' हे नाव १९९८ साली पुढे आले. त्याच वर्षी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली. परवाना ओपन सोर्स म्हणवण्यास पात्र आहे का, हे ठरवण्यासाठी या संस्थेची दहा कलमांची व्याख्या आहे. त्यातील दोन कलमे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहेत. कोणत्याही व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव नसावा आणि कोणत्याही क्षेत्रातील वापरास मनाई नसावी. म्हणजे 'फक्त शाळांसाठी', 'धंद्यासाठी नाही' अशी अट घातलेले सॉफ्टवेअर आपल्याला फुकट मिळाले, तरी ते ओपन सोर्स नव्हे.

गणिताच्या तासाला उपयोगी पडणारे जिओजेब्रा हे याचे चांगले उदाहरण आहे. विनाव्यापारी वापरासाठी ते मोफत आहे, व्यापारी वापरासाठी मात्र वेगळा करार करावा लागतो. शाळेने ते अवश्य वापरावे, पण 'मुक्त' या यादीत लिहू नये. तसेच गूगलचा क्रोम हा ब्राउझर फुकट मिळतो, पण त्याचा परवाना ओपन सोर्स नाही. तो ज्या पायावर उभा आहे ते क्रोमियम मात्र ओपन सोर्स आहे.

परवान्यांची तीन घराणी

ओपन सोर्स परवाने पुष्कळ आहेत. सगळे पाठ करण्याची गरज नाही. मुख्य तीन घराणी ओळखता आली की काम भागते.

१. सैल परवाने. एमआयटी, बीएसडी आणि अपाचे हे परवाने या घराण्यातले. वापरा, बदला, विका, आपल्या बंद प्रोग्रॅममध्ये मिसळा, सगळे चालते. एमआयटी परवान्याची मुख्य अट एकच आहे : लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत ठेवा. बीएसडीच्या प्रचलित तीन कलमी रूपात आणखी एक अट आहे : लेखकाचे नाव वापरून आपल्या मालाची शिफारस करू नये. २००४ च्या अपाचे परवान्यात बदललेल्या फायलींवर तसे नमूद करावे लागते आणि पेटंटसंबंधीची परवानगीही स्पष्ट लिहिलेली आहे.

२. वारसा राखणारे परवाने. जीपीएल हा यातला प्रमुख. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आणि तिसरी २००७ ची आहे. वापरा, बदला, विका, हे इथेही चालते. पण तुम्ही ते दुसऱ्याला द्याल, तेव्हा मूळ आज्ञावलीही द्यावी किंवा ती मिळण्याची परवान्यात सांगितलेली सोय करावी, आणि बदललेले सॉफ्टवेअर याच परवान्याखाली द्यावे. मला मिळालेली मोकळीक पुढच्यालाही तशीच मिळावी, हा यामागचा विचार. यालाच 'कॉपीलेफ्ट' म्हणतात. याच कुळातील एजीपीएल हा परवाना आणखी पुढे जातो. बदललेला प्रोग्रॅम तुम्ही कोणाला दिला नाही, पण आपल्या सर्व्हरवर ठेवून लोकांना नेटवर्कवरून वापरू दिला, तरी त्या लोकांना मूळ आज्ञावली मिळाली पाहिजे, अशी त्याची अट आहे.

३. मधले परवाने. एलजीपीएल आणि मोझिला पब्लिक लायसन्स हे या घराण्यात येतात. ज्या भागाला हा परवाना आहे, त्यात केलेले बदल खुले ठेवायचे. त्याच्यासोबत जोडलेला आपला स्वतंत्र भाग कोणत्या परवान्याने द्यायचा, हे बरेचसे आपल्यावर असते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस ही याची परिचित उदाहरणे.

नेहमीचे गैरसमज

"मुक्त सॉफ्टवेअर विकता येत नाही." येते. स्टॉलमन यांनी स्वतः १९८५ साली ईमॅक्स या आपल्या प्रोग्रॅमची टेप दीडशे डॉलरला विकली होती. संगणक दुरुस्त करणाऱ्याने लिनक्स घालून देण्याचे पैसे घेतले, तर त्यात गैर काही नाही. घेणाऱ्याचे हक्क मात्र त्याला काढून घेता येत नाहीत.

"त्यात केलेले आपले लिखाण खुले करावे लागते." नाही. लिबरऑफिसमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका शाळेचीच राहते. गिंप या जीपीएल परवान्याच्या प्रोग्रॅमवर काढलेले चित्र काढणाऱ्याचे असते. सुताराच्या करवतीने कापलेले लाकूड सुताराचे होत नाही, तसेच हे आहे.

"बदल केला की तो जगाला द्यावाच लागतो." जीपीएलमध्ये असे नाही. शाळेने एखादा जीपीएल प्रोग्रॅम आपल्या हजेरीसाठी बदलला आणि तो शाळेतच वापरला, तर कोणाला काही देण्याचे बंधन नाही. दुसऱ्या शाळेला दिला की अट लागू होते. एजीपीएल असेल तर वर सांगितलेले लक्षात ठेवावे.

"बिघाड झाला तर लेखक जबाबदार." बहुतेक सर्व मुक्त परवान्यांत ठळक अक्षरांत लिहिलेले असते की सॉफ्टवेअर आहे तसे दिले आहे, हमी नाही. म्हणून निकालपत्रकांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवणे हे आपलेच काम.

"परवाना मिळाला म्हणजे नावही मिळाले." नाव हा वेगळा हक्क आहे, त्याला ट्रेडमार्क म्हणतात. डेबियन या लिनक्स वितरणाने फायरफॉक्समध्ये स्वतःचे बदल केले, तेव्हा नाव आणि बोधचिन्ह वापरण्याबाबत मोझिलाशी मतभेद झाले. परिणामी २००६ पासून २०१६ पर्यंत डेबियनमध्ये तो ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने मिळत होता. आज्ञावली वापरायला कोणाचीच हरकत नव्हती. वाद होता तो नावाचा.

अटी मोडल्या तर?

"फुकट दिलेल्या वस्तूची अट कोण पाहतो?" असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर न्यायालयांनी दिले आहे, आणि त्यातला एक खटला खेळण्यातल्या आगगाड्यांचा आहे.

रॉबर्ट जेकबसन हे कॅलिफोर्नियातील बर्कले येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. छोट्या आगगाड्यांचा छंद असलेल्या अनेकांनी मिळून या गाड्या संगणकाने चालवण्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि 'आर्टिस्टिक लायसन्स' या मुक्त परवान्याने सर्वांना दिला. जेकबसन त्यातले प्रमुख. मॅथ्यू कॅटझर यांच्या कंपनीने त्यातील काही फायली आपल्या विक्रीच्या प्रोग्रॅममध्ये घातल्या. पण लेखकांची नावे, कॉपीराइटच्या ओळी आणि मूळ फायलींचा उल्लेख वगळला. खालच्या न्यायालयाला हा फार तर कराराचा भंग वाटला. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचे हित संपत नाही. नाव राखणे, बदल नमूद करणे या परवान्याच्या खऱ्या अटी आहेत, आणि त्या मोडून प्रत काढणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. २०१० साली उभय पक्षांत तडजोड झाली आणि कॅटझर यांनी एक लाख डॉलर देण्याचे मान्य केले. लक्षात घ्या, मुख्य तक्रार एवढीच होती की ज्यांनी काम केले त्यांची नावे पुसली गेली.

युरोपात त्याआधीच, २००४ साली, जर्मनीतील म्यूनिकच्या न्यायालयाने जीपीएलच्या अटी बंधनकारक मानल्या होत्या.

दुसरे उदाहरण घराघरांतल्या राउटरचे. लिंक्सिस या कंपनीच्या डब्ल्यूआरटी ५४ जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ साली जाणकारांच्या लक्षात आले. जीपीएलप्रमाणे मूळ आज्ञावली मागितली गेली आणि कंपनीने ती त्याच वर्षी दिली. त्या आज्ञावलीतून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प निघाला. राउटरची कंपनी नवी आवृत्ती देईनाशी झाली, तरी लोक आपले जुने राउटर स्वतः सुधारून वापरू शकतात, ते अशा प्रकल्पांमुळे.

परवान्याचा उपयोग वापरणाऱ्यालाही होतो, हे ओपनऑफिसच्या गोष्टीवरून कळेल. सन कंपनीने २००० साली या प्रोग्रॅमची मूळ आज्ञावली खुली केली. २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली. पुढे काय होईल याची शंका आल्यामुळे त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी सप्टेंबर २०१० मध्ये तीच आज्ञावली घेऊन लिबरऑफिस सुरू केले. कोणाची परवानगी मागावी लागली नाही. ती परवान्यात आधीच होती. मालक बदलला म्हणून लोकांची वीस वर्षांपूर्वीची पत्रे, हिशेब, निबंध अडकून पडले नाहीत.

अक्षरांचाही परवाना असतो

मराठी शाळेच्या दृष्टीने सर्वांत जवळचा विषय म्हणजे फाँट. शाळेचा अंक, प्रमाणपत्रे, स्नेहसंमेलनाची पत्रिका, फलक, या सर्वांत देवनागरी अक्षरे लागतात. फाँट हेही सॉफ्टवेअर आहे आणि त्यालाही परवाना असतो. डीटीपीवाल्याकडे आहे म्हणून तो शाळेच्या संगणकावर उतरवून घेणे योग्य ठरतेच असे नाही.

फाँटसाठी खास लिहिलेला एसआयएल ओपन फाँट लायसन्स हा मुक्त परवाना आहे. त्याची प्रचलित आवृत्ती २००७ ची. त्यानुसार फाँट कोणत्याही कामासाठी वापरता येतो, प्रती देता येतात, बदलता येतो. अटी अशा : फाँट एकटा सुटा विकायचा नाही, बदललेला फाँट याच परवान्याने द्यायचा, आणि लेखकाने नाव राखून ठेवले असेल, तर बदललेल्या फाँटला ते नाव द्यायचे नाही. फाँट वापरून छापलेल्या पुस्तकाला किंवा पत्रिकेला मात्र यातली कोणतीच अट लागत नाही.

मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट या परवान्याने मिळतात. बडोद्यातील आपल्या शाळांना यात एक जास्तीची सोय आहे. मुक्त कुटुंबात गुजराती लिपीसाठी 'मुक्त वाणी' आहे आणि बलू कुटुंबात 'बलू भाई' आहे. मराठी व गुजराती अशी दोन्ही भाषांतील सूचना एकाच वळणाच्या अक्षरांत छापायची असेल, तर ती आता परवान्याची काळजी न करता छापता येते. हे सर्व युनिकोड फाँट असल्यामुळे मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला तरी अक्षरांची चौकोनी डबकी होत नाहीत, हा आणखी एक फायदा.

मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅम कोणाचा?

समजा, नववीच्या चार विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी ग्रंथालयाची देवघेव नोंदवणारा प्रोग्रॅम लिहिला. प्रदर्शनात दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना तो आवडला आणि त्यांनी प्रत मागितली. आता तीन गोष्टी पाहाव्या लागतील.

पहिली, त्यात दुसऱ्याचे काय आहे? मुलांनी एमआयटी परवान्याचा एखादा भाग घेतला असेल, तर त्याच्या लेखकाची ओळ आणि परवाना सोबत ठेवला म्हणजे झाले. जीपीएलचा भाग मिसळला असेल, तर सर्व प्रोग्रॅम जीपीएलखाली, मूळ आज्ञावलीसह द्यावा लागेल. परवानाच नसलेला भाग इंटरनेटवरून उचलला असेल, तर लेखकाला विचारावे, अन्यथा तो काढून स्वतः लिहावा.

दुसरी, मालक कोण? विद्यार्थी शाळेचे नोकर नाहीत. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे हक्क त्यांचेच आहेत, आणि चौघांनी मिळून लिहिला असेल तर चौघांचे. शिक्षकांचे तसे नाही. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून शिक्षकाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, कायद्याच्या कलम १७ नुसार संस्था असते. म्हणून शिक्षकांनी शाळेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम खुला करायचा, तर विश्वस्तांची लेखी परवानगी हवी.

तिसरी, कोणता परवाना द्यायचा? 'कोणीही काहीही करा, आमचे नाव ठेवा' असे मुलांना वाटत असेल तर एमआयटी. 'आमच्यावर जो सुधारणा करून पुढे देईल, त्याने ती खुली ठेवावी' असे वाटत असेल तर जीपीएल. हा निर्णय मुलांनी आपसात बोलून घ्यावा. मुले अठरा वर्षांखालील असल्यामुळे पालकांची लेखी संमती घेणे उचित. त्यानंतर परवान्याचा संपूर्ण मजकूर वेगळ्या फायलीत ठेवावा आणि वर वर्ष व लेखकांची नावे लिहावीत. परवान्यासाठी आपण स्वतः नवी भाषा रचू नये. प्रचलित परवाना जसाच्या तसा वापरावा, म्हणजे पुढच्याला अर्थ लावत बसावे लागत नाही.

चित्रे आणि लेख यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वेगळे आहेत. विकिपीडियावरील मजकूर प्रकल्पवहीत घेताना श्रेय द्यावे लागते आणि त्यावर आधारलेले लिखाण प्रसिद्ध करायचे झाल्यास तोच परवाना ठेवावा लागतो. प्रोग्रॅमसाठी मात्र हे परवाने वापरू नयेत, असे क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच सांगते.

शाळेने काय करावे?

एक साधी वही पुरे. प्रत्येक संगणकावरील सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, कोठून घेतले, परवाना कोणता आणि कोणत्या तारखेला तपासला, एवढे पाच रकाने आखावेत. परवाना बहुधा 'मदत' या मेनूतील 'याविषयी' या ठिकाणी किंवा 'लायसन्स', 'कॉपींग' अशा नावाच्या फायलीत सापडतो. आठवी-नववीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम सहज करू शकतील. वर्षातून एकदा ही वही विश्वस्तांपुढे ठेवावी. लेखी पुरावा हाती असला म्हणजे कोणी विचारणा केली तरी मुख्याध्यापकांना शोधाशोध करावी लागत नाही, आणि कोणते सॉफ्टवेअर मुलांना घरी नेऊ द्यायचे हेही लगेच सांगता येते.

स्वाध्याय

१. एका शिकवणीवर्गाने लिनक्सची प्रत पेन ड्राइव्हवर घालून शंभर रुपयांना विकली. हे चालेल का?
२. एका विद्यार्थिनीने इंटरनेटवर सापडलेला खेळ थोडा बदलून स्वतःच्या नावाने प्रदर्शनात ठेवला. मूळ खेळाला एमआयटी परवाना होता. काय चुकले?
३. शाळेने 'मुक्त' फाँटमध्ये स्मरणिका छापली आणि ती विकली. फाँटच्या परवान्याची अट मोडली का?
४. 'केवळ शैक्षणिक वापरासाठी मोफत' असे लिहिलेले सॉफ्टवेअर ओपन सोर्स म्हणता येईल का?

उत्तरे

१. चालेल. पैसे घेण्यास बंदी नाही. परवान्याचा मजकूर आणि मूळ आज्ञावली मिळण्याची सोय द्यावी लागेल, आणि घेणाऱ्याला पुढे प्रती देण्यापासून अडवता येणार नाही.
२. बदल करणे चुकले नाही. मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ व परवाना काढून टाकणे चुकले. ती ओळ ठेवून खाली 'बदल अमुक यांनी केले' असे लिहिले असते, तर सर्व ठीक होते.
३. नाही. अट फाँट सुटा विकण्याबाबत आहे, त्यात छापलेल्या पुस्तकाबाबत नाही.
४. नाही. वापराच्या क्षेत्रावर मर्यादा घातली की ते ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही. शाळेला ते वापरता येईल, पण माजी विद्यार्थ्याने आपल्या दुकानात वापरण्यापूर्वी परवाना पाहावा.

आता घरच्या संगणकावरील कोणतेही एक सॉफ्टवेअर निवडा, त्याचा परवाना शोधा आणि तो वरच्या तीन घराण्यांपैकी कशात बसतो किंवा कशातच बसत नाही, हे पाच ओळींत लिहून संगणकाच्या तासाला आणा. आई-बाबांनाही सोबत बसवा. त्यांनी वर्षानुवर्षे 'मला मान्य आहे' या बटणावर न वाचता टिचकी मारलेली असण्याची शक्यता बरीच आहे.